वडिलांचा रकाना

अल ऐन,
४ जानेवारी १९९८

ती. सौ. सुजाताताईंना,
सा. न. वि. वि.

इरा मजेत आहे आणि थंडी छान पडली आहे, एवढंच काय ते चांगलं. बाकी तुमच्या भावाचं काही खरं नाही, ताई. उजव्या हातात पेन्सिल धरवत नाही. शर्टाची बटणं मी लावते. ड्रॉइंग ऑफिसात त्याने दोन महिने लपवलं, आता लपत नाही. परवा सूकमध्ये, इथल्या बाजारात, पाय अडखळून पडला. इरा म्हणे, डॅड इज जस्ट टायर्ड. त्यानेही मान डोलावली.

सध्या रमझान, हॉस्पिटल अर्धाच दिवस. ईद झाल्यावर दहा फेब्रुवारीला टेस्ट आहे. आधी नसांना करंटचे झटके, मग स्नायूत सुई. तयारीचा कागद दिलाय: आंघोळ करून या, तेल-क्रीम लावू नका, अंगठी-घड्याळ घरी ठेवा. ते सगळं करीन. पण खाली रकाने आहेत, वडील, आई, भावंडं, यांपैकी कोणाला असा त्रास होता का? डॉक्टर म्हणाले, हे नीट विचारून भरा. असा एक रोग घराण्यातून येतो, तो सावकाश चालतो, माणूस जगतो. दुसरा एक असाच दिसतो, त्याला माणूस न्यायला दोन-तीन वर्षं पुरतात.

नाना गेले तेव्हा शैलेंद्र दहा वर्षांचा. त्याला त्यांची फक्त काठी आठवते. फोन केला असता, पण इथे दोन खोल्यांत तो कायम शेजारी आणि तुमचा फोन शेजाऱ्यांच्या घरी. म्हणून लिहिते. लगेच उत्तर पाठवा.

तुमच्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
अनुपमा

देवरुख,
१५ जानेवारी १९९८

चि. सौ. अनुपमा हिस,
अ. उ. आ.

मोतीबिंदूमुळे मला लिहवत नाही. शेजारची शुभ्रा लिहून देते आहे. नववीत आहे, तिच्या शुद्धलेखनाला हसू नकोस.

शैलूला लहानपणापासून बाऊ करायची सवय. दिवसभर एसीत बसल्यावर हात आखडणार नाही तर काय? आपल्या गावचे अलीमियाँ सुट्टी संपवून तिकडे परत निघालेत, त्यांच्याबरोबर नारायण तेल देते. रोज कोमट करून चोळ. नाना घाटाच्या पायऱ्यांवरून पडून गेले, हे तुझ्या बाबांना लग्नाच्या बैठकीतच सांगितलं होतं. आता ते उकरून काय मिळणार?

आमच्या उर्मिलेला चिपळूणचं स्थळ आलंय, मुलगा इंजिनियर आहे. पुढच्या महिन्यात बघायला येतील. इराला पापा.

जीव लहान करू नकोस,
सुजाताताई

अल ऐन,
२६ जानेवारी १९९८

ती. सुजाताताईंना,
नमस्कार.

मी प्रश्न विचारला आणि तुम्ही तेल पाठवलंत. टेस्टला तेल चालत नाही, हे मी लिहिलं होतं. बाटली कपाटात ठेवली आहे.

काल तो नळ सोडून बाथरूममध्ये रडत होता. बाहेर येऊन म्हणाला, तू इराला घेऊन पुण्याला जा, इथे बघायला थांबू नकोस. ताई, मी रोज देवाला विनवते की हे घराण्यातलंच निघू दे. कोणती बायको असं मागत असेल? पण दुसरं निघालं तर इरा दहावीला जाईपर्यंतही तो नाही.

मला भांडायचं नाही. लग्नाच्या वेळी कोण काय बोललं, तेही नको. एवढंच सांगा, धडधाकट माणसाला काठी कशाला लागते? हो किंवा नाही, एका शब्दात लिहा. मी पाया पडते.

अनुपमा

देवरुख,
५ फेब्रुवारी १९९८

चि. सौ. अनुपमा हिस,
आशीर्वाद.

हे शुभ्राला सांगण्यासारखं नाही, म्हणून मीच लिहिते आहे. अक्षर बघून घाबरू नकोस. मोतीबिंदू वगैरे काही नाही, डोळे ठणठणीत आहेत. दिवाळीपासून माझा हातच चालत नाही. सकाळी बसले होते, आता चार वाजले.

नानांना छत्तिसाव्या वर्षी काठी लागली. पाऊल उचलायचं नाही, म्हणून पडले. बटणं आई लावायची. पण तशी बावीस वर्षं काढली गं त्यांनी. पडले त्या दिवशीही सकाळी दुकान उघडलं होतं. आईने शपथ घातली होती, बाहेर बोललात तर कुणाची लग्नं व्हायची नाहीत. माझं झालं, शैलूचं झालं. तुझ्या बाबांनी नानांच्या तब्येतीबद्दल विचारलं तेव्हा मी चहा आणायला आत गेले. उर्मिलेच्या वेळीही तेच करणार होते. काल चिपळूणला खरं ते कळवलं. ती मंडळी आता येतील असं वाटत नाही. उर्मिला माझ्याशी बोलत नाही.

इराकडे बघून तूही मला शिव्या घालशील. घाल. पण शैलूला सांग, नाना जगले होते.

अलीमियाँची बायको मरियमबी परवा तिकडे निघतेय, पत्र तिच्या हाती देते. दहा तारखेच्या आत मिळेल. वडिलांच्या रकान्यात हो लिही. खाली भावंडांचा रकाना आहे म्हणालीस, तिथेही हो लिही आणि पुढे माझं नाव घाल.

माया उरली असेल तर दोन ओळी टाक,
सुजाता