यांची आफ्रिकेतली नदी

शहागड, माघ वद्य चतुर्थी, संध्याकाळ

हे आफ्रिकेतून आल्यापासून नीट बोललेच नव्हते. नदीचा नकाशा काढणाऱ्या साहेबांच्या तुकडीत औषधं द्यायला गेले होते. दोन पावसाळे पायी हिंडले. आज गोदावरीच्या वाळूत बसलो आणि एकदम सुरू झाले. म्हणे, तिथल्या नदीचा पलीकडचा काठ दिसतच नाही. गवत डोक्याच्या वर, पुढचा माणूस त्यात हरवतो, म्हणून सगळे गात चालतात. पाणघोडे तंबूजवळ घुरघुरत चरतात.

ऐकता ऐकता मलाही आपला पलीकडचा काठ दिसेना. धुकं होतं का? नाही. मीच कुठंतरी गेले होते.

मग हळूच म्हणाले, "साहेबानं पुन्हा बोलावलंय. उगमापर्यंत जायचं राह्यलं."

मागच्या खेपेला वर्षभर खबर नव्हती, तेव्हा सासूबाईंनी माझ्या बांगड्या उतरवायचं काढलं होतं. जा म्हणू की नको म्हणू? तोंडातून भलतंच निघालं, "मंग मलाबी न्या."

हसतील वाटलं. हसले न्हाईत. माझ्या अनवाणी पायांकडे बघत राहिले.

"तुला जोडे लागतील," म्हणाले. "जल्दी शिवायला टाकू."