चोविसावी जोडी

प्रिय मास्तरीणबाई,

पाकिटावरचं अक्षर बघून कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत. अकरा महिने तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेल्याला तेवढं चालतं.

इथं हॉटेलच्या लाँड्रीत दिवसभर चादरी. गरम रोलरमधून एक बाहेर आली की मी आणि समोरचा म्हातारा चार टोकं धरतो, झटकतो, घडी घालतो, तोवर दुसरी हजर. तो विचारतो, घडी घालताना तुझे ओठ का हलतात. त्याला काय सांगू? वीक म्हणजे आठवडा, वीक म्हणजे अशक्त. सन म्हणजे सूर्य, सन म्हणजे मुलगा. तुझ्या बाबांच्या शिलाईच्या दुकानात, मशीनशेजारच्या स्टुलावर बसून घोकलेलं अजून सुटत नाही. शाळेत कधी एवढा टिकलो नव्हतो.

शर्टाच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून तू पत्ते केलेस. आपल्या अक्षरांत दोन्ही शब्द सारखेच दिसतात, म्हणून चित्रं काढलीस. मी निघालो तेव्हा जोड्या फोडल्या, एक पत्ता तुझ्याकडे, दुसरा माझ्याकडे. दोन वर्षांचा करार, चोवीस जोड्या. महिन्याला एक पत्ता तू पाठवायचा, त्याचा जोडीदार मी. जोड्या संपल्या की मी घरी. नियम तुझाच, पण मान मीही डोलावली होती.

शेवटची फ्लावरची, फ्लावर म्हणजे फूल, फ्लावर म्हणजे पीठ. तू फूल पाठवलंस. माझ्याकडे पिठाचं पोतं उरलं, तोंड उघडं, तुझा पांढरा खडू अजून बोटाला लागतो.

ते पाठवलं नाही, कारण त्याच आठवड्यात मी आणखी वर्षभरासाठी सही करून बसलो होतो. तुला न विचारता. पोतं पाठवून इथंच राहिलो असतो तर खोटा ठरलो असतो. म्हटलं, पत्ता माझ्याकडे आहे तोवर खेळ चालू आहे. तिकडे तू काय समजशील, हे या टाळक्यात शिरलंच नाही.

परवा तुझ्या दादाचा फोन आला. तुझ्या लग्नाचं बोलणं चाललंय म्हणाला. तू अजून हो म्हणाली नाहीस, नाहीही म्हणाली नाहीस. काल मुकादमाने नव्या कराराचा कागद पुढे केला, मी तो घडी घालून परत दिला. महिनाअखेरीला निघतोय. पोतं पाकिटात शोधू नकोस, ते मी हातात देणार आहे. मग ठेव, नाहीतर बाबांच्या कात्रीने काप. तोवर कुणाला हो म्हणू नकोस, एवढंच मागायला लिहिलं.

तुझाच,
स्टुलावरचा ढ