तिसऱ्या रांगेतून विचारलेला प्रश्न

प्रिय मुंगे,

पाच महिने आपण बोललो नाही, म्हणून आधी साधी खुशाली. मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, पण जिना चढू देतो. तुझी आई गेल्यावर मी हे घर घेतलं, तेव्हा तू म्हणाली होतीस, बाबा, इतक्या टोकाला कशाला राहता, पलीकडे नुसता माळ आहे. त्याच माळावर तुझ्या कंपनीच्या पेट्या येणार, हे तेव्हा तुलाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

तू इथे एकदाच आलीस, तीही उभ्या उभ्या, म्हणून गल्लीत तुला कोणी ओळखत नाही. तुला लोकांची थोडी ओळख करून देतो. भिंतीला भिंत लागून शिंपी राहतो. त्याच्या बायकोला दमा आहे. बोलता बोलता ती थांबते आणि श्वास मिळेपर्यंत नवरा मशीनचं चाक हाताने धरून ठेवतो. माळावर फलक लागला, की इथे वीज साठवण्याचं केंद्र होणार, ट्रकच्या डब्याएवढ्या चौसष्ट पेट्या, आत नुसत्या बॅटऱ्या. त्या दिवशी तो हातातला कपडा टाकून माझ्याकडे आला. म्हणाला, "तुम्ही आयुष्यभर आगी विझवल्यात. आम्ही घाबरायचं की नाही, तेवढं सांगा." त्याच्या खिडकीपासून आखलेल्या कुंपणापर्यंतचं अंतर मी चालून मोजलं. चाळीस पावलं. मग लोकांनी समिती केली आणि मला अध्यक्ष केलं.

नेमकं हेच काम तुझ्याकडे आलंय, असं तू फोनवर सांगितलंस तेव्हा आपण दोघंही हसलो होतो. घरातच दोन पक्ष, असं म्हणालीस. जिल्हाधिकाऱ्यांनी यावर जाहीर सभा बोलावली होती; त्या सभेत नातं मध्ये आणायचं नाही, हेही ठरलं. वीज साठवायला मी कधीच नावं ठेवली नाहीत. दवाखान्यातली यंत्रं वीज गेली तरी चालू राहायला हवीत, हे तुझं म्हणणं मला पटलेलं होतं. पण सभेच्या आदल्या संध्याकाळी तुझा आवाज खाली गेला होता. तू म्हणालीस, बाबा, पेटीच्या आतून आग लागली तर ती विझवता येत नाही, जळून संपू द्यावी लागते आणि शेजारच्या पेट्या पाण्याने थंड ठेवाव्या लागतात. धूर विषारी असतो. आणि हे आपणहून बोलायचं नाही, असं साहेबांनी बजावलंय.

मी नुसतं हं म्हणालो. तुला वाटलं, बाप ऐकतोय.

तुला आमचा जाड्या आठवतो का? तुला खांद्यावर घेऊन बंबाची घंटा वाजवू द्यायचा. एका गोदामाच्या आगीत मालकाने आम्हाला सांगितलं, आत रद्दी आहे. आत रसायनांची पिंपं होती. जाड्या माझ्यापुढे चार पावलं होता. त्यानंतर सहा वर्षं तो जगला, पण जिना कधी चढला नाही. मालकाने खरं सांगितलं असतं तर मी त्याला आत पाठवलंच नसतं. सभेला जाताना माझ्या डोक्यात तोच होता. ही सबब म्हणून सांगत नाही. जे होतं ते सांगतो.

शाळेचा हॉल भरला होता. तू मंचावर, साहेबांच्या डाव्या हाताला. मी तिसऱ्या रांगेत उभा राहिलो आणि विचारलं, "एक पेटी पेटली तर ती विझवणार कशी?" साहेबांनी माइक ओढून घेतला आणि अत्याधुनिक यंत्रणेबद्दल बोलू लागले. मी म्हणालो, "उत्तर इंजिनिअर मॅडमनी द्यावं." तू माझ्याकडे पाहिलंस. मग माइक परत घेतलास आणि म्हणालीस, "विझवता येत नाही, अध्यक्षसाहेब. जळू द्यावी लागते." उरलेलं सगळंही सांगितलंस, धुरासकट.

त्यानंतर हॉलमध्ये काय उसळलं ते तू भोगलंस. लाज वाटत नाही का मॅडम, असं कोणीतरी ओरडलं. तुझ्या गाडीच्या काचेवर कोणी चिखल मारला. लोक माझी पाठ थोपटत होते आणि मी मूग गिळून उभा होतो. दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला. "बाबा, मी ते समितीच्या अध्यक्षांना सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगितलं होतं." एवढं बोलून तू फोन ठेवलास. तुला या कामावरून काढून गोदामातल्या नोंदींवर बसवलंय, हे मला तुझ्या मावशीकडून कळलं.

आता बातमी. परवा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आला. केंद्र होणार, पण माळाच्या पार पलीकडच्या कडेला, घरांपासून अर्धा किलोमीटर लांब. दोन पेट्यांमधलं अंतर दुप्पट, पाण्याचं स्वतंत्र तळं, भोंगा. आदेशात कारण दिलंय ते तुझंच उत्तर, शब्दाला शब्द. काल तो हॉलमध्ये वाचून दाखवला आणि मला बोलायला उभं केलं. मी सांगितलं, की ते उत्तर देणारी माझी मुलगी आहे. तिने घरात विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी चारचौघांत तिच्या तोंडून वदवून घेतली, तिला आधी विचारलंही नाही, आणि तुम्ही तिला शिव्या देत होतात तेव्हा मी गप्प बसलो. शिंप्याची बायको उठून म्हणाली, "मुलीला हे सांगितलंत का?" मधे दोनदा थांबली, पण वाक्य पुरं केलं तिने.

नाही, सांगितलं नव्हतं. म्हणून हे पत्र. फोनवर मी अधिकाऱ्यासारखा बोलायला लागतो, ते तुला माहीत आहे. प्रश्न विचारला याचा मला पश्चात्ताप नाही. खोटं लिहिलं तर ते तुला लगेच कळेल. पण त्या संध्याकाळी मी म्हणायला हवं होतं, की मुंगे, उद्या मी हे विचारणार आहे, तू काय करशील? तू कदाचित तेच उत्तर दिलं असतंस. पण ते तुझं तू ठरवलेलं असतं. ते ठरवणं मी तुझ्याकडून हिरावून घेतलं. त्याची माफी मागतो. लगेच दे असं नाही. कधीच दिली नाहीस, तरी मी समजून घेईन.

तुझाच,
बाबा