दुपारचं पाणी

आक्कास, धाकट्या छायाचा लिंबायतहून नमस्कार.

फोनवर माझ्या आवाजावरूनच तू ताप ओळखतेस, म्हणून लिहायला बसले. तू दिलेली किडनी चालू आहे. आधी हे वाच, मग बाकीचं.

लघवीचं इन्फेक्शन पुन्हा झालं. हुडहुडी भरून ताप आला, आठवडाभर सलाईन लावलं. मागच्या वेळच्या गोळ्या आता लागूच पडत नाहीत. असंच चाललं तर हीही किडनी जाईल, असं डॉक्टरीणबाई तोंडावर म्हणाल्या. ह्यांनी लूमवर खाडा केलाय. वरणभात अळणी करतात, पण करतात.

बाईंनी विचारलं, दिवसभरात पाणी किती पितेस? मी खरं ते सांगितलं. साड्यांना टिकल्या लावायला जाते त्या कारखान्यात बायकांच्या संडासाला कडी नाही. म्हणून सकाळी घरून निघाले की संध्याकाळपर्यंत पाण्याला शिवत नाही. बाई भडकल्या. म्हणाल्या, हे कुणी शिकवलं तुला?

तुझं नाव नाही घेतलं. पण कापूस वेचायला मला पहिल्यांदा नेलंस, तेव्हा तूच म्हणाली होतीस, "पाणी नको पिऊ, इथं आडोसा नाही."

आता कामावर परत गेले की मी बाटली जवळ ठेवणार आणि संडासला जाताना एकीला दाराशी उभी करणार.

भाऊजींचा खोकला कसा आहे? हे त्यांना वाचून दाखवू नको.

वेचणी सुरू झाली असेल ना? आक्का, तू अजून तशीच दिवसभर तहानलेली राहतेस का? तुझ्याकडेही आता एकच किडनी आहे गं.

तुझी,
छाया