'तेल संपलं' कुणी म्हणायचं

आदरणीय भाऊजींस,

कंबर परवानगी देईल तितका वाकून नमस्कार. ताईचा गुडघा, तुमचं पित्त आणि गॅलरीतलं ते लिंबाचं रोप (तीन वर्षं 'यंदा धरेल' म्हणताय) ही तिन्ही ठीक आहेत असं धरून चालतो. परवा फोनवर तुम्ही बराच वेळ बोललात, पण लाइन फार खराब होती. हल्ली सगळ्यांच्याच लाइनी खराब असतात. म्हणून म्हटलं, सविस्तर लिहावं. कागदात खरखर नसते.

विषय मंगळवारच्या प्रयोगाचा. तुमच्या शाळेची दोनशे अठरा मुलं आमच्या नाट्यगृहात आली होती (तुमचा शिपाई अडीचशे म्हणाला ते चूक; मी वरून मोजली, शिक्षक वगळून). तुम्ही पेपर तपासण्यात अडकल्यामुळे आला नाहीत, तेव्हा मुलांनी वर्गात सांगितलं तेच तुमच्यापर्यंत आलं असणार, की दिव्यांवरचा माणूस चक्रम आहे. त्या माणसाचं आणि तुमचं नातं काय, हे त्यांना ठाऊक नसावं अशी आशा आहे. वस्तुस्थिती अशी.

मी सव्वीस वर्षं दिवे बघतो. कुठल्या शाळेत शिकलो नाही. पहिला गुरू म्हणजे जळलेला फ्यूज, दुसरा त्याचा चटका. माझा नियम एकच, की दिवा शब्दावर जातो. नटाच्या हालचालीवर विसंबू नये, नट कधीही नाक खाजवतो. शिवाय मी बसतो मागे, वरच्या खोलीत, शेवटच्या रांगेच्या बरोबर डोक्यावर. माझ्या काचेसमोर लोखंडी तुळई आडवी येते, त्यामुळे रंगमंचाचा वरचा भाग दिसतच नाही (ही तुळई हलवा म्हणून मी चार अर्ज दिलेत). तर या नाटकात दीपगृहाचा म्हातारा रखवालदार शिडी चढून तुळईआड जातो, दिवा तपासतो आणि म्हणतो, 'तेल संपलं.' त्यावर मी अंधार करतो. मग तो आपलं स्टूल पेटवून खलाशांना वाट दाखवतो, 'जहाज वळलं' म्हणतो, आणि मी उजेड देतो. वहीत दोन्ही वाक्यं लाल शाईने लिहिलेली आहेत.

आता हेच नाटक तुमच्या पुस्तकात धडा म्हणून आहे आणि तुम्ही ते मुलांकडून घोटून घेतलंय, हे मला कुणी सांगितलं नाही. पहिल्या प्रवेशापासून मुलं नटांच्या एक वाक्य पुढे. रखवालदाराचा पाय शिडीच्या दुसऱ्या पायरीवर असताना शेवटची रांग एका सुरात म्हणाली, 'तेल संपलं.' मी अंधार केला. रखवालदार (वय एकतीस, दाढी डिंकाची) घसरून खाली आला. अंधारात कुणीतरी 'जहाज वळलं' म्हणालं, मी उजेड दिला. तो जमिनीवर बसून हातातल्या दाढीकडे बघत होता, सापडलेल्या दुसऱ्याच्या चपलेकडे बघावं तसा.

काडी ओढायला लागतो तेवढ्या वेळात आपल्या हातात काय आलंय हे मुलांना कळलं. त्यानंतर अकरा वेळा अंधार झाला. नाटकातली कोळ्याची बायको दोनदा आत आली, दोनदा परत गेली. एक बाई मुलांना गप्प करायला उठल्या, तेवढ्यात अंधार झाला आणि त्या खाली बसल्या त्या गणिताच्या सरांच्या मांडीवर. तुम्ही म्हणाल, दुसऱ्या वेळी तरी तुला कळायला हवं होतं. भाऊजी, शब्द आला की दिवा जातो. तो कुणाच्या तोंडून आला याची चौकशी करत बसलो तर मी दिवेवाला कसला, फौजदारच.

मध्यंतरात आमचा दिग्दर्शक वर आला. म्हणाला, "मामा, तुम्ही ऐकता तरी कुणाचं?"

"शब्दाचं."

"हे बघा, पुढच्या गुरुवारी याच शाळेच्या बाकीच्या तुकड्या येतायत. पुन्हा हा गोंधळ झाला तर तुम्ही खाली दारावर उभं राहायचं. इथे माझी भाची बसेल."

मी म्हटलं, "भाजी इथे नको, वायरींना तेल लागतं."

तो कपाळाला हात लावून जिना उतरला. शब्द 'भाची' होता, असं नंतर चहावाल्याने मला सांगितलं. तिने सहा महिन्यांचा कोर्स केलाय म्हणे. सव्वीस वर्षांनी मी दारावर उभा राहून 'चपला बाहेर काढायच्या नाहीत, आत या' सांगायचं, आणि माझ्या लाल शाईवर तिने पर्स ठेवायची. म्हणून ही विनंती. गुरुवारी येणाऱ्या मुलांना कडक ताकीद द्या, की नाटक हे तोंड बंद ठेवून बघायचं असतं. एवढं झालं की माझं काम बिनचूक होईल.

ताईला नमस्कार, लिंबाला शुभेच्छा.

तुमचा आज्ञाधारक (शब्दावर चालणारा) मेहुणा

ता. क. ताकीद देऊ नका. वरचं वाक्य खोडणार होतो, पण पत्रात खाडाखोड मला चालत नाही.

ता. क. दुसरा. खणखणीत आवाजाची सहा-सात मुलं शेवटच्या रांगेत बसवा. मंगळवारी तिथे दोन वेण्यांची एक मुलगी होती, तिला पुन्हा पाठवता आलं तर फार बरं. तिच्या 'संपलं'मधला अनुस्वारसुद्धा वरपर्यंत पोचला. त्यांनी ते वाक्य म्हणायचं, मोठ्याने म्हणायचं, फक्त रखवालदाराने म्हटल्यानंतर, आधी नाही. गेलं वर्षभर मी ओठ आणि अंदाज यांवर चालवलं, आणि तुळईआड ओठ दिसत नाहीत. मंगळवारी कितीतरी दिवसांनी मला माझा शब्द ऐकू आला, म्हणून मी अकराही वेळा दिवा घालवला. फोनची लाइन ठीक होती.

ता. क. तिसरा. हे ताईला कळू देऊ नका. ती मला ओरडेल, आणि तेवढं मला अजून स्पष्ट ऐकू येतं.