माझ्याच पेशी

१० जानेवारी १९९३
पुण्याहून इंदूरला आले आणि पहिल्याच सकाळी पोहे-जलेबीवर आडवा हात मारला! नोकरी परदेशीपुऱ्यातल्या नव्या खासगी लॅबमध्ये. आयात खुली झाल्यामुळे जर्मन मायक्रोस्कोप आलाय आणि त्याच्यापुढे माझीच मिजास जास्त. काम असं: माणसाच्या रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पेशी काढायच्या, विषाणू घालून त्यांना अमर करायचं आणि बाटलीत वाढवायचं. त्यांच्या अंगावर संदेश झेलणारे रिसेप्टर असतात; त्यांना औषधाचा संदेश मिळाला की आत भरलेला रंग चमकतो. ती चमक टिपायची. स्वतःचं रक्त कधीही वापरायचं नाही, असा अच्युतसरांनी दम भरलाय. बॉसच तो, दम भरणारच.

३ फेब्रुवारी
रक्त द्यायला येणारे समोरच्या मिलचे कामगार गायब. मिल बंद पडली. आमच्या लॅबमध्ये भांडी धुणाऱ्या बेबीताईंचा नवराही तिथलाच. म्हणाल्या, दीदी, आमचे वाले तर गावी देपालपुरला चालले गेले, इकडे अब बचा कौन? सरांना मात्र पेशी हव्यातच, नाहीतर माझी नोकरी गेली. शेवटी माझ्याच दंडातून रक्त काढलं. सरांना सांगितलं नाही.

१८ मार्च
पेशी झकास वाढल्या. पण आज औषध घालण्याआधीच चमकल्या. सर पाहायला बसले तर अंधार. मी टेबलावर हात ठेवला की पुन्हा चमक. सर म्हणाले, दिवा बिघडलाय. मी हसले, पण हात टेबलावरून काढून घेतला.

२६ मार्च
त्याच पेशी भरलेली सुई अंगठ्यात घुसली. सरांच्या नियमाचं कारण आत्ता कळलं: परक्या पेशी शरीर मारून टाकतं. या माझ्याच. यांना कोण अडवणार?

१५ एप्रिल
काखेत गाठ. दुखत नाही. दुखली असती तर बरं.

१७ एप्रिल
सरांना सगळं सांगितलं. ते रागावलेच नाहीत. त्याचीच जास्त भीती वाटली. पेशी मारायला बाटल्यांत ब्लीच ओतलं — आणि त्याच क्षणी काखेत चटका —

२० एप्रिल
सर्जननी गाठीवर पेनाने खूण केली. उद्या कापू म्हणाले. ऐकताना ती — हलली. मला कळलं.

२१ एप्रिल
खूण आहे. खाली सपाट, गाठ नाही. बोटांनी शोधतेय — बरगडीपाशी — नाही, अजून आत — जिथे सुरी पोचणार नाही —