त्या दुपारी कावळ्यांनी जवळ्याला चोच लावली नाही

प्रिय हिरा,

विसरलीस ना गो? मला ठाऊकच होतं! लाँचमध्ये चपला विसरायचीस, बर्फाखाली कोयता विसरायचीस, एकदा तर भाऊच्या धक्क्यावर मलाच विसरून एकटी मोऱ्याला परत आलीस. आता वर जाऊन सहा महिने झाले आणि आपलं ठरलेलं साफ विसरलीस. जी आधी जाईल तिनं तिथून नीट बघून घ्यायचं, आभाळातली ती वस्तू नक्की काय होती, आणि दुसरीच्या स्वप्नात येऊन सांगायचं. मी रोज तुझी वाट बघत डोळे मिटते. आणि येतं कोण? माझी सासू! तिला कोणी बोलावलं होतं?

मला अक्षर येत नाही हे तुला सांगायला नको. एरवी काही लिहायचं असलं की मी सुनेला बसवते. आज तिला मुद्दाम बाजारात पाठवलंय. कागद घेऊन समोर तुझी लेक कल्पना बसली आहे.

सकाळीच आली ती करंजाड्याहून. चहाला नको म्हणाली, उंबऱ्यातच उभी. "मावशी, काल सरकारी माणूस आलेला घरी. आईला विचारत होता."

"आता? तुझ्या आईला?"

"त्याला माहीत नव्हतं ती गेली ते. सांगितल्यावर कसनुसाच झाला. मग बोलला, त्या दिवशी त्यांच्यासोबत जी दुसरी बाई होती तिला भेटायचंय. मावशी, तू होतीस ना? तू तर काही बघितलंच नव्हतंस ना?"

हिरा, तुझ्या पोरीनं माझ्यासाठी उत्तर तयारच करून आणलं होतं. मला फक्त मान हलवायची होती. पण मान हलेना. मी म्हटलं, "बस. कागद घे. मी सांगते ते लिही, आणि मधे बोलू नको."

"कोणाला लिहायचंय?"

"तुझ्या आईला."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, शेवटी शेवटी तुझ्याकडे बघायची ना, तसं.

तर ती दुपार. तुला सांगायला नको, पण हिला कळायला हवी. शिमगा आठ दिवसांवर आला होता. बंदरामागच्या खळ्यावर तू जवळा वाळत घातला होतास, माझे बोंबील बांबूच्या वलांडीवर टांगलेले. कावळे हाकलून हाकलून आपले दंड भरून आले होते. तू मधेच थांबलीस. "पारू, कावले गप का झाले गो?"

मी म्हटलं, "तुजं गानं आयकून मेले असतील."

मग मी पण मान वर केली. घारापुरीच्या टोकावर, हात लांब करून धरला तर चार बोटं वर, ती उभी होती. पापलेट उभं धरावं तशी, चंदेरी, बिनशेपटीची. हलत नव्हती. आवाज नाही. विमानं का आपल्याला नवी आहेत? इकडे नवा विमानतळ झाल्यापासून डोक्यावरनं जातातच. लग्नात फोटो काढतात ते ड्रोनही बघितलंय, भुंग्यासारखं कान खातं. ही गप्प. आणि कावळे सगळे पत्र्याच्या कडेला ओळीनं बसलेले, शाळेतली पोरं बसावी तसे. जवळा खाली उघडा पडलेला आणि एकानं चोच लावली नाही! जवळा, हिरा! माणूस मेलं तरी कावळा जवळा सोडत नाही.

मग ती वस्तू कुशीवर वळल्यासारखी कलली आणि नाहीच. पहिला कावळा ओरडला तेव्हा कळलं की तू माझं मनगट धरलंयस. म्हणालीस, "तू बगितलंस?"

मी म्हटलं, "बगितलं गो."

कल्पनाचं पेन थांबलं आहे. लिही, बाय. जसं सांगते तसंच लिही. बगितलं.

त्या दिवसांत सरकारनं किनाऱ्यावरच्या सगळ्या गावांना सांगून ठेवलं होतं, समुद्रात, आभाळात काही वेगळं दिसलं तर कळवा. किती जण कळवतात? पण तू दुसऱ्याच दिवशी कळवायला गेलीस. मी म्हटलं, नसती भानगड. तू म्हणालीस, "सांगा बोलतात, तर सांगायला नको?" तुझं असंच सरळ. पनवेलच्या बाजूनंही दोघातिघांनी काही बघितल्याचं कळवलं होतं, म्हणून महिन्याभरात चौकशीची तीन माणसं आली. गावच्या हॉलमध्ये टेबल मांडलं, लॅपटॉप उघडला. निम्मा कोळीवाडा तमाशा बघायला जमला. मीही.

"आजी, वस्तू किती उंचावर होती? अंदाजे फुटात सांगा."

"चार बोटं." तू हात लांब करून दाखवलंस.

"किती वेळ दिसली?"

"एक वलांडी बोंबील पलटायला लागतो तवरा."

"मिनिटं?"

"बोंबलावर हाय. ओला असला तर जास्ती."

मागे कोणी तरी खुसखुसलं. टक्कलवाला मोठा साहेब मात्र हसला नाही. त्यानं विचारलं, "अजून काही लक्षात आहे?"

"कावले गप होते, साहेब. जवल्याला चोच लावली नाय."

तेव्हा हॉल हसला. साहेबानं तरी लिहून घेतलं. मग म्हणाला, "तुमच्यासोबत कोणी होतं?"

तू माझं नाव घेतलं नाहीस. नुसती वळलीस आणि तिसऱ्या रांगेत माझ्याकडे बघून हसलीस. गिऱ्हाईक जास्त शहाणपणा करायला लागलं की बाजारात माझ्याकडे बघायचीस ना, आता पारू बोलेल म्हणून? तसंच.

आणि पारू बोलली.

"मी होते, साहेब. पन मी काय बगितलं नाय. आनि हिचं काय लिवून घेताव? कालवनात मीठ टाकलं का नाय ते हिला आठवत नाय, नि आभालात काय होतं ते आठवतंय!"

काय हसले लोक! लॅपटॉपवाल्या पोरीनं तोंडावर हात ठेवला. शिट्टी पण वाजली कुठून तरी. आणि तू? तूही हसलीस, पदर तोंडाला लावून. ते तुझं हसणं माझ्या कानातून जात नाही.

का केलं मी? सकाळी लेक म्हणाला होता, "आई, तू यात पडू नको, माझं विमानतळावर कामाचं चाललंय." दोन वर्षं मी स्वतःला तेच सांगत आले, लेकासाठी केलं. खोटं. खरं एवढंच की लोक हसायला लागले होते, आणि सगळा जन्म मी हसवणाऱ्यांच्या बाजूला काढलेला. एकदा तुझ्या बाजूला येऊन बसायचं होतं. तीन खुर्च्या पुढे. नाही आले.

त्यांनी कागद पुढे केला. मी अंगठा दिला. वर काय लिहिलंय ते मला कुठे कळणार?

पण हे सगळं परवडलं असतं, हिरा. घरी येताना झालं ते नाही. तू माझ्या बाजूनंच चालत होतीस, रागावली पण नव्हतीस. फक्त म्हणालीस, "पारू, तू तर बगितलं बोललीस."

मी म्हटलं, "कदी?"

एवढंच. कदी. तू थांबलीस. माझ्या तोंडाकडे बघत राहिलीस. मग म्हणालीस, "मंग मीच इसरले असन."

अगं, का ऐकलंस माझं? चाळीस वर्षं बाजारात बाजूच्या ओट्यावर बसून माझ्या थापा ऐकल्यास, एकदा सुद्धा खरी मानली नाहीस, आणि नेमकी हीच कशी खरी मानलीस?

मग ते मीठ बाजारभर झालं. गिऱ्हाईक बोंबील घेता घेता विचारायचं, "हिराबाय, मीठ टाकलं का?" तुझ्या कल्पनाच्या कानावर गेलं. पोर घाबरली, यात तिचं काय चुकलं? आईला आभाळात पापलेट दिसतं, आणि आईची जन्माची मैत्रीण भर हॉलमध्ये सांगते की हिला काही आठवत नाही. डॉक्टर झाला, गोळ्या झाल्या. कोयता काढून घेतला, हात कापशील म्हणून. ओटा सुटला. पाऊस यायच्या आत तू करंजाड्याला चौथ्या माळ्यावर. विसरत तर तू आधीपासूनच होतीस, चपला आणि कोयते. त्याला कोणी आजार म्हणत नव्हतं. मी म्हटलं.

मी आले होते तिकडे, एकदाच. तुझ्या खिडकीतून समोरची बिल्डिंग, तिच्यामागे अजून एक बिल्डिंग. समुद्र कुठेच नाही. तू खिडकीच्या कठड्यावर कागदावर चिमूटभर जवळा ठेवला होतास. मला वाटलं, झालं, हिचं खरंच बिघडलं. तू हळूच म्हणालीस, "बगते गो, कावले येतात का. येतात. रोज येतात. म्हंजे त्याच दिशी नाय आले. नव्हते ना आले, पारू?"

मी म्हटलं, "च्या निवतोय."

लाज ही गोष्ट लोकांत तोंड लपवायची असते असं मी समजत होते. नाही गो. ती त्या कपात होती. तो चहा मी प्यायले पण.

तुझ्या दहाव्याला जावयानं पिंड ठेवला तेव्हा मी सगळ्यांच्या मागे उभी होते. माझी खात्री होती कावळा शिवणार नाही. कसा शिवेल? सगळे म्हणतील, हिचा कशात तरी जीव अडकलाय, आणि मग मी पुढे होऊन पुटपुटेन, हिरा, मी खरं सांगते, जा तू सुखानं. शब्द जिभेवर तयार होते. आणि तुझा कावळा! लोक मागे सरायच्या आत आला, उचलून गेला. "सुखात गेली हो," बायका म्हणाल्या. मी रडले, त्यांना वाटलं दुःखानं. रागानं रडत होते मी! एवढी कशी विसराळू तू? माझ्यावर रुसायला सुद्धा विसरलीस?

आता ऐक, तो सरकारी माणूस का आला ते. मोऱ्याच्या लाँचनं मुंबईला कामाला जाणारी एक नर्स आहे. तिनं गेल्या महिन्यात दिवसाढवळ्या बघितलं, घारापुरीच्या टोकावर, उभं, चंदेरी, गप्प. आणि तिनं कळवलं की लाँचमागे ओरडत येतात ते पांढरे पक्षी सगळे पाण्यावर बसले होते, लोकांनी टाकलेल्या पावासाठी एक उठला नाही. हे वाचून ऑफिसातल्या कोणाला तरी जुना कागद आठवला. ज्यात लिहिलं होतं, कावळे गप्प होते. बघितलंस? तुझं वाक्य त्यांनी जपून ठेवलं होतं. आणि त्याच्याखाली, कल्पनाला त्यानं वाचून दाखवलं, सोबतच्या महिलेने काही पाहिलेले नाही, माहिती देणारी महिला विसरभोळी असल्याचे ती सांगते. खाली माझा अंगठा. तुझ्या खऱ्याच्या उरावर बसलेला.

आणि मीठ. आता तेही सांगूनच टाकते. सुक्या जवळ्यात आधीच खारेपणा असतो, म्हणून तू मीठ कमी टाकायचीस. विसरायची नाहीस. तुझं मोजूनमापून होतं. तुझा डबा पहिल्यांदा चाखला त्या दिवशी मी चेष्टा केली, लोक हसले, मग मी ती सोडलीच नाही.

इथे कल्पनानं पेन खाली ठेवलं. मागच्या दाराशी गेली, पाठ करून उभी राहिली. किती वेळ? एक वलांडी पलटायला लागतो तेवढा. परत येऊन म्हणाली, "मी तिला गोळ्या दिल्या, मावशी. ती बोलायची मी खरं बोलते, आणि मी बोलायचे, हो आई, पाणी पी."

"मी द्यायला लावल्या तुला."

तिनं माफ केलं असं म्हटलं नाही. मी मागितलंही नाही. तिनं डोळे पुसले, पेन उचललं आणि म्हणाली, "पुढे सांग."

पुढे एवढंच. बुधवारी त्याच हॉलमध्ये त्या माणसानं बोलावलंय. मी जाते, हिरा. पहिल्या रांगेत बसते. आधी म्हणेन, मागच्या वेळी या बाईनं खोटं सांगितलं, ही बाई म्हणजे मी. मग हात लांब करून चार बोटं दाखवीन. एक वलांडी. पापलेट. कावळे गप्प, जवळ्याला चोच नाही. आणि म्हणेन, हिराबाईला सगळं बरोबर आठवत होतं, लिहा. कल्पनाकडून दोनदा वाचून घेईन, मगच अंगठा देईन. बाजारातल्या बायकांनाही बोलावते, ज्या ज्या हसल्या त्या सगळ्यांना. हसल्या तर हसू देत. या वेळी मी तुझ्या बाजूला बसलेली असेन.

ती वस्तू काय होती ते कळलं असेल तर राहू दे, सांगू नकोस. स्वप्नात ये मात्र. तेच विचार, तू बगितलंस? बघ मी काय सांगते ते.

तुझी,
पारू
(हा डाग नाही, माझा अंगठा आहे.)

ता. क. कल्पना कागद घडी करत होती, थांबवलं तिला. अजून एक लिही म्हटलं. हिरा, पोरीला तेवढं सुचव, बुधवारी माझा डबा तिनंच आणावा. चपात्या नकोत, तांदळाची भाकरी, आणि तुझ्या पद्धतीचा सुका जवळा कांद्यावर परतून. जरा जास्तच दे म्हणावं, त्यातला अर्धा कावळ्यांसाठी हॉलच्या पत्र्यावर ठेवायचा आहे. आणि मिठाची आठवण तिला करू नकोस. असेल तेवढ्यावर मी गुपचूप खाईन.